‘फिफ्टीन मिनिट्स ऑफ फेम’ कुणाला म्हणावं, कुणाला म्हणू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला त्याच्या कामाबद्दल राज्यस्तरीय पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला. प्रश्न विचारणाऱ्यांनी सगळ्यांना गेलेल्या मेलवर उत्साहाने लिहिलं, ‘एन्जॉय युवर फिफ्टीन मिनिट्स ऑफ फेम!’ पलीकडून नुसतं ‘थँक्स’ आलं आणि तेव्हापासून बोलणं जरा तुटक झालंय. ‘प्रसिद्धीचा आनंद घे’ असाच याचा अर्थ ना? नसेल तर नेमका काय, तो वापरायचा कुठे, आणि मराठीत त्याला काय म्हणतात?

मी आधी वर्तमानपत्राच्या डेस्कवर आणि नंतर अनुवादाच्या, सबटायटल्सच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. हा वाक्प्रचार सतत समोर येतो आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा अर्धाच कळलेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. हा अभिनंदनाचा वाक्प्रचार नव्हे. ऐकणाऱ्याच्या कानात त्यातली ‘फेम’ नंतर पोहोचते, घड्याळ आधी ऐकू येतं. ‘लोक आत्ता तुझ्याकडे बघताहेत खरे, पण हे लवकरच संपणार आहे, आणि तसं बघण्यासारखं फार काही नव्हतंच,’ इतकं सगळं त्यात न बोलता येतं. तुम्ही सहकाऱ्याला जवळजवळ ‘घे बाबा मिरवून चार दिवस’ असं म्हणालात. जिवलग मित्राच्या पाठीवर थाप मारून हे म्हटलं तर तो हसेल आणि दोन शिव्या देईल. सगळ्या ऑफिसच्या डोळ्यांदेखत लेखी म्हटलं की ते टोचतं. आता मेलवर खुलासा लिहीत बसू नका, त्याने प्रकरण वाढेल. चहाला बोलवा आणि पुरस्कार ज्या कामासाठी मिळाला त्याबद्दल दोन नेमके प्रश्न विचारा. त्या कामात तुम्हाला रस आहे एवढं त्याला दिसलं तरी पुरे.

हे घड्याळ कुठून आलं, त्याची गोष्ट मजेदार आहे. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल याच्या नावावर एक वाक्य आहे: भविष्यकाळात प्रत्येक जण पंधरा मिनिटांसाठी जगप्रसिद्ध होईल. १९६८ च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझेट या संग्रहालयात वॉरहॉलचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच्या कॅटलॉगमध्ये हे वाक्य छापलं गेलं आणि तिथून ते जगभर गेलं. बहुतेक संदर्भग्रंथ हाच मुक्काम देतात.

पण वॉरहॉल हे खरोखर म्हणाला होता का? कॅटलॉगच्या मजकुराचं काम ओले ग्रानाथ या तरुणाकडे होतं. त्याने पुढे सांगितलेली हकीकत अशी: संग्रहालयाचे संचालक पोंटुस हुल्तेन यांनी मजकूर वाचून विचारलं, ते पंधरा मिनिटांचं वाक्य कुठाय? ग्रानाथ म्हणाला, मला दिलेल्या कागदांत ते कुठेच सापडलं नाही. त्यावर हुल्तेन यांचं म्हणणं पडलं की म्हणाला नसेल तर म्हणू शकला असता, घाला! दुसरा दावा छायाचित्रकार नॅट फिंकलस्टीनचा. १९६६ च्या सुमारास तो रस्त्यावर वॉरहॉलचे फोटो काढत होता आणि भोवती जमलेली माणसं फ्रेममध्ये घुसायला धडपडत होती. प्रत्येकाला प्रसिद्ध व्हायचंय, असं काहीसं वॉरहॉल पुटपुटला आणि फिंकलस्टीनने त्याला जोड दिली, हो, पंधरा मिनिटं. तिसरीकडे १९६७ च्या ऑक्टोबरमध्येच ‘टाइम’ साप्ताहिकाने हे भाकीत वॉरहॉलच्या नावावर छापलं होतं, म्हणजे स्टॉकहोमच्याही आधी. चित्रकलेतल्या नव्या नव्या शैली आगगाडीच्या वेगाने येताहेत आणि जाताहेत, अशा संदर्भात ते तिथे आलं आहे. मला स्वतःला हे तिसरं टोक सगळ्यात विश्वासार्ह वाटतं. वाक्य न्यूयॉर्कच्या हवेत आधीपासून फिरत असणार, आणि अशी वाक्यं शेवटी ज्याच्या तोंडी शोभतात त्याच्या नावावर जमा होतात.

वॉरहॉलच्या तोंडी ते शोभत होतं यात शंका नाही. कॅम्पबेल सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रं १९६२ मध्ये मांडून त्याने दुकानातली वस्तू कलादालनात आणली होती. १९६४ ते १९६६ या काळात ‘फॅक्टरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या स्टुडिओत जो येईल त्याला तो कॅमेऱ्यासमोर बसवायचा. कधी नामवंत कवी, कधी कुणाचा तरी मित्र. बोलायचं नाही, हलायचं नाही, फिल्मचं रीळ संपेपर्यंत नुसतं बघत राहायचं. दाखवताना फिल्म मुद्दाम संथ चालवली जायची, त्यामुळे एकेक तुकडा चारेक मिनिटांचा होई. असे जवळजवळ पाचशे तुकडे आहेत. कॅमेऱ्यासमोर नामवंत आणि अनामिक यांना सारखाच वेळ! पंधरा मिनिटांचं भाकीत करणारा माणूस चार मिनिटं प्रत्यक्षात वाटत होता.

इथे एक गोष्ट सहसा निसटते. मूळ वाक्यात जोर ‘प्रत्येक जण’ यावर आहे. प्रसिद्धी आता राजे, नटनट्या आणि खेळाडूंची मक्तेदारी राहणार नाही, सगळ्यांना तिचा वाटा मिळेल, असं ते म्हणतं. त्यात उपहास असेलही, पण एखाद्या माणसाला हिणवणं नाही. वापरता वापरता लोकांनी ‘प्रत्येक जण’ गाळला, ‘भविष्यकाळात’ गाळला, ‘जग’सुद्धा गाळलं. उरली पंधरा मिनिटं आणि ती कुणाची तरी एकट्याची झाली: त्याची, तिची, तुझी. समाजाबद्दलचं विधान एका माणसाबद्दलचा शेरा होऊन बसलं. टोचणी आली ती या छाटणीतून.

खुद्द वॉरहॉलही या वाक्याला कंटाळला होता. १९७९ मध्ये त्याने लिहिलं की ते आता मी वापरत नाही, माझं नवं वाक्य उलटं आहे: पंधरा मिनिटांत प्रत्येक जण प्रसिद्ध होईल. कंटाळला असला तरी १९८५ मध्ये एमटीव्हीवर कार्यक्रम सुरू केला तेव्हा नाव ‘फिफ्टीन मिनिट्स’च ठेवलं. १९८७ मध्ये तो वारला. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याचं मेरिलिन मन्रोचं १९६४ चं चित्र १९ कोटी ५० लाख डॉलरना गेलं. त्याची स्वतःची पंधरा मिनिटं काही संपायला तयार नाहीत.

आता वापराकडे येतो. हा वाक्प्रचार चपखल कुठे बसतो ते एका उदाहरणावरून बघा. ९ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत सेंट लुईसला ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन यांचा दुसरा वादविवाद झाला. श्रोत्यांमधून केन बोन नावाच्या लाल स्वेटर घातलेल्या गृहस्थांनी ऊर्जा धोरणावर साधा, सभ्य प्रश्न विचारला. त्या रात्री दोन्ही उमेदवार एकमेकांवर इतके तुटून पडले होते की लोकांना हा गोलमटोल, शांत माणूसच आवडून गेला. रातोरात मीम निघाले, चॅनेलवाले दारात उभे राहिले, त्या स्वेटरची मागणी वाढली. मग त्यांनी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचं ठरवलं, तेही आपल्या जुन्याच खात्यावरून. लोकांनी त्या खात्याची जुनी पानं उकरली, नको त्या कमेंट सापडल्या, आणि आठवडा उलटायच्या आत कौतुकाची जागा कुचाळक्यांनी घेतली. इंग्रजी वर्तमानपत्रांनी या प्रसंगी ‘फिफ्टीन मिनिट्स’ वापरलं ते अगदी योग्य होतं, कारण तीनही गोष्टी जुळून आल्या होत्या. प्रसिद्धी अचानक आली, ती कुठल्या मोठ्या कर्तृत्वामुळे आलेली नव्हती, आणि ती लगेच ओसरली. मिनिटं अर्थातच शब्दशः घ्यायची नाहीत. आठवडा, महिना, एखादं वर्षसुद्धा चालतं.

आपल्याकडचं उदाहरण रानू मंडल यांचं. २०१९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या राणाघाट स्टेशनावर लताबाईंचं ‘एक प्यार का नगमा है’ गाणाऱ्या या बाईंचा व्हिडिओ देशभर फिरला, आणि हिमेश रेशमियाने त्यांना थेट सिनेमासाठी गायला लावलं. नंतर सगळं शांत झालं. त्या वेळी लताबाईंना विचारलं गेलं तेव्हा त्यांनी आपल्या नावाने किंवा कामाने कुणाचं भलं होत असेल तर आनंदच आहे, असं म्हणून पुढे सांगितलं होतं की नक्कल हा यशाचा टिकाऊ सोबती नव्हे. अनेकांनी त्यावरून लताबाईंवर टीका केली. मला मात्र त्यात या वाक्प्रचाराचा सगळा आशय दिसतो, तोही न हिणवता सांगितलेला. इंग्रजीत कुणी रानू मंडल यांच्याबद्दल ‘फिफ्टीन मिनिट्स’ लिहिलं तर अर्थाच्या दृष्टीने ते बरोबर ठरेल. तरी मी डेस्कवर असतो तर काट मारली असती. एका गरीब बाईला आपणच उचलून धरलं आणि आपणच खाली ठेवलं, आणि वर तिचाच वेळ संपला असं म्हणायचं, हे काही बरं दिसत नाही.

यातूनच तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. हा वाक्प्रचार प्रसिद्धी अल्पकाळ टिकल्याचं खापर प्रसिद्ध झालेल्या माणसावर फोडतो. म्हणून जिथे दोष बघणाऱ्यांचा आहे तिथे तो वापरला की अन्याय होतो. खाशाबा जाधवांचं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा आला, लोकवर्गणीच्या पैशावर १९५२ मध्ये हेलसिंकीला गेला आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे पोलीस खात्यात नोकरी, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००१ मध्ये, मरणोत्तर. झोत थोडाच वेळ होता हे खरं, पण त्यांच्याबद्दल कुणी ‘फिफ्टीन मिनिट्स’ म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. पदक पंधरा मिनिटांचं नव्हतं, आपली आठवण तेवढी होती. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं तेव्हा ‘बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला’ असे मथळे आले आणि त्या निमित्ताने खाशाबांचा फोटो पुन्हा छापला गेला. तुमच्या सहकाऱ्याचा पुरस्कार याच जातीचा, म्हणजे कमावलेला. तिथे हा शब्दप्रयोग चालत नाही.

उलट स्वतःबद्दल बोलताना तो खुशाल वापरावा. तिथे तो विनयासारखा काम करतो. टीव्हीवर गर्दीत दोन सेकंद दिसलात, क्रिकेट सामन्यात कॅमेरा तुमच्यावर आला, पेपरात पत्र छापून आलं, की इंग्रजीत सहज म्हणतात, ‘वेल, दॅट वॉज माय फिफ्टीन मिनिट्स ऑफ फेम.’ आपणच आपली फिरकी घेतो आहोत हे ऐकणाऱ्याला कळतं. माझा साधा नियम असा: ‘माय’ बेधडक, ‘हिज’ आणि ‘हर’ विचार करून, आणि ‘युवर’ फक्त ज्याच्या खांद्यावर हात टाकता येतो त्याच्याशी.

वस्तूला, गावाला, प्राण्याला, एखाद्या वाक्यालाही तो लावता येतो, आणि तिथे कुणी दुखावत नाही. जून २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील फोनवर ‘काय झाडी, काय डोंगार’ म्हणाले आणि पुढचे कित्येक आठवडे लग्नाच्या पत्रिकांपासून टी-शर्टपर्यंत महाराष्ट्राला दुसरं काही सुचत नव्हतं. बापू त्याआधीही राजकारणात होतेच. पंधरा मिनिटं मिळाली ती त्या वाक्याला, आणि इंग्रजीत लिहायचं तर मी तसंच लिहीन.

व्याकरणाच्या दोन-चार गोष्टी पटकन. आधी मालकीदर्शक शब्द हवा, ‘अ फिफ्टीन मिनिट्स’ असं कधीच होत नाही. क्रियापदं बहुतेक ‘हॅव’, ‘गेट’, ‘एन्जॉय’ ही येतात. झोत संपला हे सांगायचं तर ‘हिज फिफ्टीन मिनिट्स आर अप’, अनेकवचनी क्रियापदासह. संदर्भ स्पष्ट असेल तर ‘ऑफ फेम’ गाळतात, ऐकणारा ते मनात भरून घेतो. आकडा बदलू नका. ‘टेन मिनिट्स ऑफ फेम’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की तुम्हाला वाक्प्रचार नीट माहीत नाही. विडंबन म्हणून फिरवायचं तर ते उघड फिरवावं लागतं. मोमस या स्कॉटिश गायकाने १९९१ मध्ये मिनिटांच्या जागी माणसं घातली: भविष्यकाळात प्रत्येक जण पंधरा माणसांसाठी प्रसिद्ध होईल. एखाद्याच्या फॅमिली ग्रुपवरच्या कविता बघितल्या की हे किती नेमकं होतं ते पटतं. नाव लपवून भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बँक्सीने तर प्रत्येक जण पंधरा मिनिटांसाठी अनामिक होईल, असं करून ठेवलंय, आणि आजच्या कॅमेऱ्यांच्या दिवसांत ते मूळ वाक्यापेक्षा जास्त भेदक वाटतं.

शेजारच्या काही वाक्प्रचारांशी लोक याची सरमिसळ करतात. ‘क्लेम टु फेम’ म्हणजे तुम्ही ज्यामुळे ओळखले जाता ती गोष्ट, मग ती प्रसिद्धी कितीही टिको. तिथे घड्याळ नाही. ‘आमच्या गावाचा क्लेम टु फेम म्हणजे इथली भेळ’ हे ठीक. ‘फ्लॅश इन द पॅन’मध्ये प्रसिद्धीपेक्षा अपेक्षाभंग महत्त्वाचा. जुन्या चकमकीच्या बंदुकीत बाहेरच्या छोट्या वाटीत दारूची चिमूट असायची. ती भपकन पेटायची, पण कधी कधी आग नळीतल्या दारूपर्यंत पोहोचायचीच नाही आणि गोळी सुटायची नाही. पहिल्याच मोसमात चमकून पुढे फुसका निघालेला गोलंदाज, त्याला हे लागू पडतं. आणि ‘नाइन डेज वंडर’ हा तर वॉरहॉलचा पणजोबा. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने लिहून ठेवलंय की गावात कुठलंही नवल नऊ रात्रींपलीकडे टिकत नाही. १६०० मध्ये शेक्सपिअरच्या नाटकमंडळीतून नुकताच बाहेर पडलेला विदूषक विल केम्प लंडनपासून नॉरिचपर्यंत नाचत गेला, प्रत्यक्ष नाचाचे दिवस नऊ भरले, आणि त्यावर त्याने याच नावाची पुस्तिका काढली. स्वतःच्या प्रसिद्धीची मुदत स्वतःच मुखपृष्ठावर छापणारा माणूस!

नऊ म्हटल्यावर तुम्हाला ‘नव्याचे नऊ दिवस’ आठवलं असेल. आकडा जुळतो, अर्थ पूर्ण जुळत नाही. आपले नऊ दिवस नव्या गोष्टीच्या हौसेचे असतात: नवी सून, नवा फोन, नवी जिम. लोकांनी ओळखण्याशी त्याचा संबंध नाही. ‘फिफ्टीन मिनिट्स’साठी मी ते सहसा वापरत नाही.

जास्त जवळचा आहे ‘औटघटकेचा राजा’. औट म्हणजे साडेतीन, संतवाङ्मयातल्या ‘औट हात’ देहातला औट तो हाच. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे औटघटकेचं राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचं. वॉरहॉलपेक्षा आपण बरेच उदार! पण गंमत बाजूला ठेवली तर यात सत्ता आहे, खुर्ची आहे. दोन दिवसांच्या मुख्यमंत्र्याला तो शोभतो. व्हायरल झालेल्या चहावाल्याला लावला तर जरा जड होतो, शिवाय त्यातला उपहास इंग्रजीपेक्षा कडू आहे.

बोलीतला सगळ्यात जिवंत शब्द माझ्या मते ‘हवा’. ‘तेव्हा काय हवा होती त्याची!’ आणि मग ‘हवा गेली’. त्यात काळ आहे, गर्दी आहे, आणि ती माणसाची स्वतःची नव्हती हेही आहे. सबटायटलमध्ये ‘हिज फिफ्टीन मिनिट्स आर अप’ आलं की मी ‘त्याची हवा संपली’ लिहितो. एकदम छोटं, पडद्यावर मावणारं. एखादं पात्र प्रसिद्धीच्या मागे धावतंय आणि दुसरं त्याला टोमणा मारतंय असं असेल, तर ‘चमकोगिरी’ इतका नेमका शब्द इंग्रजीतही नाही. आजीच्या वयाचं पात्र असेल तर ‘मिरवून घे चार दिवस’. पात्र स्वतःबद्दल लाजत सांगत असेल तर ‘आपणही एकदा पेपरात झळकलो’ यात काम होतं, तिथे मिनिटांचा उल्लेखच नको.

‘पंधरा मिनिटांची प्रसिद्धी’ हे शब्दशः रूप आता मराठी पेपरांत रुळत चाललंय. मी ते पूर्ण टाळत नाही. लेखात वॉरहॉलचा संदर्भ असेल, किंवा वाचक इंग्रजी मूळ ओळखेल अशी खात्री असेल, तर ते चालतं. बातमीत मात्र जपून. जिल्हा आवृत्तीत ‘तरुणाला मिळाली पंधरा मिनिटांची प्रसिद्धी’ असा मथळा आला तर निम्मे वाचक विचारतील, कार्यक्रम पाऊण तासाचा होता, मग पंधरा मिनिटंच का?